वासाची काठी

त्या दिवशी माझ्या हातात सहा फुटी वेळूची काठी होती आणि काठीच्या टोकाला सुतळीनं बांधलेली बाटली. मी खेळ शिकवते त्या पलूसच्या शाळेच्या फाटकात अशी उभी होते की येणारे-जाणारे थांबून बघत होते. "मॅडम, मासं धराय निघालाय काय?" असं एकानं विचारलंसुद्धा. विचारू दे. दोन हजार एकवीसचा फेब्रुवारी होता, करोना जरा दमला होता पण गेला नव्हता, आणि माझ्या मैदानावर फुटबॉलच्या निवडीला बत्तीस पोरं यायची होती.

पुण्याच्या एका निवासी अकादमीला पंधरा वर्षांखालचे चार खेळाडू हवे होते. निवडायला उदयसिंह सर साताऱ्याहून येणार होते. माझ्या अटी ऐकून ते फोनवर हसले होते. प्रत्येकाला नंबर घातलेला वेगळा चेंडू. डोक्यानं चेंडू मारायचा नाही, थुंकायचं नाही, गोल झाला म्हणून कुणी कुणाच्या गळ्यात पडायचं नाही. शिट्टी फुंकली की थुंकी उडते, म्हणून मैदानाकडेच्या चिंचेला टांगलेली शाळेची पितळी घंटा. एक टोला पडला की जिथं असाल तिथं थांबायचं. शाळेच्या शिपाई हरणाबाई यांनी फक्कीनं मैदानभर गोल आखले होते. "माज्या लग्नात बी येवढी रांगोळी काढली न्हवती," असं त्यांचं तीनदा बोलून दाखवून झालं होतं.

आणि ही काठी. ताप मोजायच्या बंदुकीवर माझा भरवसा नव्हता. उन्हात धरली की ती सगळ्यांनाच ताप दाखवायची. हा रोग झाला की नाक जातं, हे मात्र एव्हाना शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तोंडाला फडकं बांधलेल्या तीन बाटल्या केल्या. एकीत कापूर, एकीत कांदा-लसूण मसाला, एकीत ओवा. मास्क खाली घे, वास घे, काय आहे ते सांग आणि आत जा. पोरं बिलंदर, पुढचा मागच्याला सांगणार, म्हणून मी बाटल्या बदलत होते.

एवढा आटापिटा मी खरं तर एका पोरीसाठी केला होता. फिरदोस कुपवाडची. रविवारी सांगलीत माझ्याकडे सरावाला यायची. तिच्यासारखी गोलकीपर मी वीस वर्षांत पाहिली नाही. एप्रिलात तिला पंधरा पूर्ण होणार, म्हणजे ही शेवटची संधी. तिचे वडील सिकंदरभाई फौंड्रीत कामाला. भट्टीच्या धुळीनं त्यांची छाती पार खलास झालेली, बादली उचलली तरी धाप लागायची. हा रोग यांच्या घरात शिरता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि घर म्हणजे एकच खोली. ते पोरीला पाठवायलाच तयार नव्हते. त्यांच्या दारात सहा फुटांवर उभी राहून मी म्हटलं होतं, "सिकंदरभाई, जशी नेते तशी आणून सोडते. माझी जबान."

म्हणून तर एसटीच्या गर्दीत तिला घातली नाही. सकाळी माझ्या स्कूटरवर मागं बसवून सांगलीहून आणली. त्याआधी आठ दिवस मी कुणाला भेटले नव्हते, सगळी तयारी फोनवर केली होती. मला माझं कौतुक वाटत होतं.

तीस पोरं आत गेली. सगळ्यात शेवटी शंभूराज नावाचा एक उंच पोरगा आला. मी काठी पुढं केली. त्यानं हुंगलं आणि मान हलवली.

"वास न्हाई, मॅडम."

मी काठी आणखी पुढं सरकवली. "नीट घे."

"घेतला की. कायच न्हाई ह्यात."

मी त्याला फाटकाबाहेर उभा केला. त्याचे डोळे भरून आले. "सर्दी बी न्हाई मला, मॅडम. आईची शप्पत." मग मी दुसरी बाटली बांधून पुढं केली. त्यानं नाक लावलं आणि शिंकच यायची राहिली. "मसाला! लय झणझणीत हाय!"

म्हणजे पोराचं नाक शाबूत होतं. मी काठी फिरवली, पहिल्या बाटलीचं फडकं सोडलं आणि आत पाहिलं. कापूर उडून गेला होता, तळाला कण नव्हता. मला हसू आलं. शंभूराजला आत सोडलं. मग सहजच, म्हणजे अगदी सहजच, मी मास्क खाली घेतला आणि मसाल्याची बाटली नाकाशी नेली.

काही नाही. फडकं काढून हुंगलं. लाल मसाला डोळ्यांपुढं दिसत होता, डोळ्यांना झोंबतही होता, पण वास नाही. ओव्याचाही नाही.

तेव्हा एकेक आठवायला लागलं. सकाळचा चहा पाणचट लागला होता आणि मी दूधवाल्याला शिव्या घातल्या होत्या. साखर कारखान्यावरून येताना मागून फिरदोस म्हणाली होती, "ई, मळीचा काय वास सुटलाय!" आणि मी म्हटलं होतं, "कुठं गं?" तासभर ती माझ्या पाठीला चिकटून बसली होती. मैदानावर बत्तीस पोरं होती, एकतीस जणांना मी काठीच्या टोकावर ठेवलं होतं. जवळ घेतलं होतं ते तिलाच.

खोटं कशाला सांगू, गप्प बसावं असं मला वाटलं. ती निवडली जाईपर्यंत तरी. मग सिकंदरभाईंची धाप आठवली आणि मी लांबूनच उदयसिंह सरांना हाक मारली.

त्यांनी तिथूनच तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. मी आजच तपासणीला जायचं आणि तोवर कुणाजवळ जायचं नाही. जिला आज सकाळीच संसर्ग झाला असेल, ती आजच्या आज दुसऱ्याला देणार नाही, पण उद्यापासून चौदा दिवस तिला वेगळं ठेवा, असं ते म्हणाले. मी फिरदोसला चिंचेखालून ओरडून सगळं सांगितलं. तिनं हातमोजे काढून हातात धरले.

"मंग मी खेळू का नको, मॅडम?"

"गोलकीपर एकटाच असतो," उदयसिंह सर म्हणाले. "मास्क लाव आणि उभी राहा."

दहा पेनल्टी झाल्या. तिनं सात अडवल्या. आठव्या पेनल्टीला ती आडवी झेपावली तेव्हा मी चिंचेखाली एकटीच नाचले आणि लगेच रडले. सरांनी वहीत तिचं नाव लिहिलं आणि वही उंच करून मला दाखवली.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. सिकंदरभाई फौंड्रीतली पाळी सुटल्यावर आले होते. हँडलला दोन डबे लटकत होते.

"अब्बा! घेतलं मला!" फिरदोस पळत सुटली. दोन्ही हात पसरून. डॉक्टरांचं म्हणणं मीही ऐकलं होतं, आज ती कुणाला देणार नव्हती. पण सकाळी माझा माझ्या नाकावरही भरवसा होता. मी घंटेवर टोला हाणला.

ती जागच्या जागी थांबली. बापापासून दहा पावलांवर.

मग मला लांबूनच ओरडून सांगावं लागलं. सिकंदरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमी जबान दिली व्हती, मॅडम," एवढंच ते म्हणाले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी एक डबा पोरीपुढं जमिनीवर ठेवला, मागं सरले, आणि दुसरा फाटकाच्या खांबावर ठेवला. "ह्यो तुमचा. तिच्या अम्मीनं दिलाय." आणि एकटेच निघून गेले.

संध्याकाळी माझी तपासणी पॉझिटिव्ह आली. फिरदोस चौदा दिवस शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत एकटी राहिली. हरणाबाई दारात ताट ठेवायच्या. मी घरात पडून. रोज सकाळी सातला मी तिला फोन करायचे आणि एकच विचारायचे, "आज कसला वास?" ती सांगायची. चहाचा, पोह्याचा, रंगाचा, हरणाबाईंच्या तपकिरीचा. ती सांगेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. पाचव्या दिवशी तिची तपासणी निगेटिव्ह आली, तरी मी विचारायचं सोडलं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी मी फोन केला. तिनं उचलला, पण बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता.

"फिरदोस? अगं, वास कसला येतोय?"

तोंड कशात तरी दाबल्यासारखा आवाज आला.

"अब्बाच्या शर्टाचा, मॅडम. भट्टीचा."