गळ्यावरचा हात

इंग्रजी ‘दिस’ (this) मधल्या पहिल्या आवाजासाठी जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांच्या फटीत ठेवायचं, गळा थरथरता ठेवायचा आणि हवा झिरपू द्यायची. आपला द वेगळा. त्यात जीभ दातांमागं टेकते, हवा अडते आणि एकदम सुटते. म्हणून तो ताणता येत नाही. एवढं मला समजलं होतं, जमत मात्र नव्हतं.

हैदराबादच्या एका ऑनलाइन शिकवणी कंपनीनं नोकरीसाठीच्या बोलण्याच्या चाचणीत याच आवाजावर मला दोनदा नापास केलं होतं. तिसरी संधी शेवटची. माझ्या कानाला दोन्ही आवाज सारखेच लागत, आणि आई गेल्यापासून माकणी गावातल्या घरात ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

शेजारी प्रेमाबाई होत्या, पण तीस वर्षं पिठाची गिरणी चालवून त्यांचे कान गेले होते. लोकांनी त्यांच्याशी बोलणंही हळूहळू सोडलं होतं. एकदा ओट्यावर मी आरशासमोर जीभ बाहेर काढून बसलेली त्यांना दिसले.

“कुणाला वाकुल्या दावतीस गं शिवांजली?”

मी त्यांचा एक हात माझ्या गळ्यावर ठेवला, दुसरा ओठांसमोर धरला, न तुटता सलग चालायला हवं असं खुणेनं सांगितलं आणि आवाज काढला. गिरणीला हात लावून आत दाणा अडकलाय का, हे ओळखणारी ती बाई.

“तुटलं. हाताला धक्का बसला,” त्या म्हणाल्या. “पुन्ना.”

चौथ्या दिवशी त्यांचा चेहरा फुलला. “आता कसं! पीठ सलग पडाय लागलं बघ.”

त्या रोज संध्याकाळी यायच्या. दुसऱ्या आठवड्यात मला आवाज पक्का जमला. तरी मी मधूनमधून मुद्दाम द म्हणायची. त्या ओरडायच्या, “तुटलं!”

काल निकाल आला. पास. सोमवारी हैदराबादच्या कचेरीत रुजू व्हायचं.

आज त्या आल्या आणि नेहमीसारखा हात ठेवला. “म्हण.”

जीभ फटीत होती. हवाही होती. गळा मात्र थरथरायचा, थांबायचा, पुन्हा थरथरायचा. या वेळी मी मुद्दाम करत नव्हते.

प्रेमाबाईंनी कोपऱ्यातल्या भरलेल्या बॅगेकडं पाहिलं. हात काढला नाही.

“दाणा अडकलाय,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे. घाई न्हाय.”