ओकच्या बोंडाची टोपी

शाळेतल्या धनेश सरांनी नाताळच्या सुट्टीत उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरहून ओकची बोंडं आणली, ती अंबिकाने मागून घेतली. नऊ होती. सुपारीहून थोडी लहान, तुळतुळीत, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर खवल्याखवल्यांची वाटीसारखी टोपी. पहाडातले लोक या झाडाला बांज म्हणतात, असं सर म्हणाले होते.

अंबिका परळच्या एका मराठी शाळेत दहावीला इंग्रजी शिकवायची. पुस्तकात ओकवर एक कविता होती. "मिस, ओक म्हणजे वड का?" हा प्रश्न दर वर्षी यायचा. एकदा एका मुलीने शाळेजवळच्या बागेच्या फाटकाजवळचा सिल्व्हर ओक दाखवला, तर धनेश सर हसले. "त्याच्या फक्त नावात ओक आहे. खऱ्या ओकशी त्याचं काही नातं नाही," म्हणाले. खरा ओक मुंबईत कुणी पाहिलेला नव्हता. इंग्रजी पुस्तकांत मात्र तो जिथे तिथे भेटायचा. राजा लपायचा तो ओकवर, जहाजं बांधायचे ती ओकची, आणि म्हातारा खमक्या माणूस दिसला की त्याला ओकच म्हणायचे. 'ओक हे खंबीरपणाचे प्रतीक आहे,' हे वाक्य मुलं न पाहिलेल्या झाडाबद्दल पाठ करून लिहीत. या वर्षी निदान बोंड तरी हातात द्यावं, असं अंबिकाने ठरवलं होतं.

लालबागच्या चाळीत ती धाकट्या भावाकडे राहायची. विनीत माझगावला गोदीत कामाला, त्याची बायको दर्शना लोअर परळला एका ऑफिसात. त्यांची मनवा वीस महिन्यांची. दर्शनाची शनिवारी ड्युटी असली की मनवा आत्याकडे.

शुक्रवारी संध्याकाळीच दर्शना म्हणाली होती, "ताई, ती बोंडं वर ठेवा हां. ही दिसेल ते तोंडात घालते."

"अगं, मी आहे ना घरात," अंबिका म्हणाली, आणि बोंडांचा डबा टेबलावरच राहिला.

शनिवारी साडेअकराला ती पेपर तपासत होती. मनवा पायाशी खेळत होती. डबा कधी खाली आला ते तिला कळलंच नाही. अचानक मनवा खोकायला लागली. हा खोकला वेगळाच होता. तोंड उघडं, डोळे मोठे, चेहरा लालबुंद, आणि मध्येच आवाज बंद. अंबिकाने तिला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. "मनू! मनू, थुंक गं बाळा!" काही बाहेर पडलं नाही. मग एकदम श्वास आला, पाठोपाठ रडणं. दोन मिनिटांनी मनवा पुन्हा हसत जमिनीवर बसली.

अंबिकाने बोंडं गोळा केली. नऊच भरली. तिला हायसं वाटलं. मग दिसलं की एका बोंडाला टोपी नाही.

तिने कॉटखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, कपाटामागे झाडू घालून सगळं बाहेर ओढलं. केसांचा गुंता निघाला, एक बटण निघालं. धनेश सरांना फोन लावला.

"सर, सगळ्या बोंडांना टोप्या होत्या का?"

"असतील की. नाहीतर एखादी गळाली असेल पिशवीत. का हो?"

"काही नाही, सहज."

गळालीच असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण दर पाच मिनिटांनी ती मनवाला उचलायची आणि तिच्या छातीला कान लावायची. एकच्या सुमारास तिला एक बारीक शिट्टी ऐकू आली. श्वास सोडताना यायची, मग थांबायची, मग पुन्हा. कॉटन ग्रीनला आपली बहीण राहते, तिला विचारावं असं मनात आलं. पण विचारायचं म्हणजे सांगायला हवं. तिने फोन खाली ठेवला.

तीनला दर्शना आली. पोरीला घेताच म्हणाली, "खोकतेय का ही?"

"थोडीशी. सर्दीच असेल," अंबिका म्हणाली. हे वाक्य आपल्या तोंडून किती सहज निघालं, याची तिला भीती वाटली.

पाचला मनवाने दूध ओकलं, तेव्हा दोघी तिला घेऊन नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर ओळखीचे, घाईतले. त्यांनी छातीला नळी लावली. "सर्दी उतरलीय छातीत. काही गिळलं वगैरे नाही ना?"

"नाही हो," दर्शना म्हणाली. "ताई होत्या ना घरात."

डॉक्टरांनी अंबिकाकडे पाहिलं. तिने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही. डॉक्टर सिरप लिहायला लागले.

दवाखान्याचा जिना उतरताना दर्शनाने पर्समध्ये कागद ठेवण्यासाठी मनवाला अंबिकाकडे दिलं. पोरीचं तोंड अंबिकाच्या गळ्याशी आलं. ती शिट्टी आता थेट तिच्या कानात वाजत होती, दुपारपेक्षा जोरात. अंबिका पायरीवरच थांबली.

"दर्शना, हिने ओकची टोपी गिळलीय. सकाळी. मला वाटतं गिळलीय."

दर्शनाला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती ओरडली नाही. तिने अंबिकाच्या हातातून मनवाला काढून घेतलं आणि धावत जिना चढली.

डॉक्टरांनी या वेळी दोन्ही बाजू नीट ऐकल्या. "उजवीकडे हवा कमी जातेय. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिला काही खायला-प्यायला देऊ नका. पाणीसुद्धा नको."

अंबिका घरी धावली, एक बोंड मुठीत घेतलं आणि नाक्यावर येऊन टॅक्सीत बसली. टॅक्सी परळकडे निघाली. सिग्नल लागला की दर्शना पोरीच्या नाकाखाली बोट धरायची.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला. तरुण डॉक्टरीण म्हणाली, "लाकूड, बी असलं काही यात दिसत नाही. पण उजवं फुप्फुस जास्त फुगलंय. नक्की काय गिळलंय?"

अंबिकाने मूठ उघडली. डॉक्टरणीने बोंड दिव्याखाली धरलं, नखाने टोपी सोडवून पाहिली. "हे ओलं झालं की फुगणार. बरं केलंत आणलंत ते. भूल देऊन दुर्बिणीने काढावं लागेल. वडील कुठे आहेत?"

विनीत माझगावहून तसाच, कामाच्या कपड्यांत आला. त्याने सही केली आणि बहिणीला विचारलं, "ताई, काय झालं गो?" दर्शनानेच दोन वाक्यांत सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

मनवाला आत नेलं. दार बंद झालं. बाकावर दोघींमध्ये एका माणसाची जागा होती, आणि तिथे कुणी बसलं नाही.

दर्शना म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प का बसलात?"

"घाबरले होते."

"मनूला काही होईल म्हणून?"

अंबिकाला हो म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "तू काय म्हणशील म्हणून."

दर्शनाने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. आतून काहीतरी धातूचं पडल्याचा आवाज आला. दोघी उठून उभ्या राहिल्या, विनीत भिंतीपासून पुढे आला. दार उघडलं नाही. दोघी परत बसल्या. घड्याळात चाळीस मिनिटं झाली. तेवढ्या वेळात अंबिकाने मनवा गेल्याचं मनातल्या मनात शंभर वेळा ऐकलं, प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात.

मग डॉक्टरीण बाहेर आली. तिच्या हातातल्या बाटलीत नखाएवढा, खवल्यांचा, काळपट तुकडा होता. "निघाला. आता बरी आहे. आज ऑक्सिजनवर ठेवू. आईने आत या."

विनीत तोंड झाकून रडला. दर्शना आत गेली. अंबिका बाकावरच राहिली.

तिसऱ्या दिवशी मनवा घरी आली. दर्शनाने भांडण काढलं नाही. जेवायला वाढायची, चहा द्यायची, "ताई, पाणी भरलं का" विचारायची. फक्त शनिवारी मनवा शेजारच्या गुणवंती मावशींकडे जायला लागली.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी मावशी गावी गेल्या होत्या. दर्शनाला मासळी आणायला जायचं होतं, आणि विनीत कामावर. ती पिशवी घेऊन दारात घुटमळली.

"ताई, पंधरा मिनिटांत येते."

"मी हिला खाली ठेवणारच नाही," अंबिका म्हणाली.

दर्शना गेली. अंबिकाने मनवाला मांडीवर घेतलं, तिच्या दोन्ही मुठी उघडून पाहिल्या, तोंडात बोट फिरवून पाहिलं. मनवा उतरायला धडपडली, रडली, तिने आत्याचे केस ओढले. अंबिकाने मिठी सोडली नाही. जमिनीवर काय काय पडलंय ते ती पाहत होती. एक टाचणी, शेंगदाण्याचं साल, पेनाचं झाकण. इतक्या वर्षांत हे घर असं कधी दिसलंच नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. दर्शना आत आली, घामाघूम, धापा टाकत. ती सगळा रस्ता धावतच आली होती. पिशवी रिकामीच होती.

"बाजारापर्यंत गेलेच नाही मी," ती म्हणाली, आणि अंबिकाशेजारी खाली बसली.