अकरा वर्षांत एकही रजा नाही

आई जाऊन सहा दिवस झाले होते. खालच्या खोलीत तिच्या फोटोसमोर उदबत्त्या जळत होत्या आणि नगराध्यक्षांनी इकडच्या रिवाजाप्रमाणे पुष्पचक्राच्या जागी पाठवलेला शीतपेयांच्या डब्यांचा मनोरा छताला टेकला होता.

"जिवंत होती तेव्हा शाळेच्या छपराचं पत्र याने दोन वर्षं दाबून ठेवलं," मावशी म्हणाली. "आता बघ, केवढा पेरूचा रस!"

मी हसले असावे. त्या दिवसांत कोणी काही बोललं की माझा चेहरा उत्तर देत होता, आणि बहुधा ते उत्तर बरोबर असायचं.

दुपारी थू सर आले. आईच्या शाळेचे पर्यवेक्षक. अडतीस मुलं, नऊ शिक्षक, त्यांतले हे सर्वांत जुने. उदबत्ती लावून ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मग पिशवीतून एक जाड फाईल काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. जिल्ह्याच्या उत्कृष्ट मुख्याध्यापक पुरस्कारासाठी शाळेने तयार केलेला प्रस्ताव.

"सगळं झालंय, रुओ-फांग," ते म्हणाले. "फक्त संमतीपत्रावर सहीच्या जागी बाईंच्या नावाचा शिक्का राहिलाय. दर वेळी म्हणायच्या, ठेवा, बघते. उद्या मुदत संपते."

"सर, आई गेली."

"संमती आधीची असली की चालतं. मी चौकशी केलीय." त्यांनी घसा साफ केला. "पुढच्या वर्षी आपली शाळा खालच्या गावातल्या शाळेत मिसळून टाकायचं घाटतंय. पुरस्कार मिळालेल्या शाळेला लगेच हात लावत नाहीत. नाहीतर ही एवढीएवढी पोरं रोज तासभर घाटातून..."

"मेलेल्या माणसाचा शिक्का?" मावशी म्हणाली. "आणि तुम्ही मुलांना नागरिकशास्त्र शिकवता! आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी नवऱ्याच्या शिक्क्याने त्याची स्कूटर आपल्या नावावर केली. अजून कोर्टात खेटे घालतायत."

"मावशी, मला वाचू दे."

मी तैपेईत एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. वाचणं एवढी एकच गोष्ट त्या आठवड्यात मला जमत होती. साठ पानं होती आणि त्यांत खोटं काही नव्हतं. वादळात दरड कोसळली तेव्हा आई चार मुलांना घेऊन दोन रात्री शाळेतच राहिली होती. आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलांची नखं ती दर सोमवारी स्वतः कापायची. हे मला माहीत नव्हतं. एकोणिसाव्या पानावर, ठळक अक्षरांत: 'अकरा वर्षांत मुख्याध्यापकबाईंनी एकही रजा घेतलेली नाही.'

फेब्रुवारीत ती फोनवर म्हणाली होती, पोटात जरा दुखतं. मी मार्चमधली तपासणीची वेळ घेऊन दिली. ती गेली नाही. मे महिन्यात गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिला आत बसवून मला बाहेर बोलावलं.

"हे वाक्य काढा," मी म्हणाले.

"अहो, तेच तर सगळ्यांत जोरदार आहे! शिक्षण विभागातल्या बाईंनी नेमकं त्याचंच कौतुक केलं."

"मार्चमध्ये तिने रजा मागितली नव्हती?"

थू सरांनी फाईलची कड सरळ केली.

"अर्ज भरला होता," ते म्हणाले. "माझ्याच हातात दिला, त्यांच्या जागी मलाच बसायचं होतं ना. मी म्हटलं, बाई, त्याच दिवशी पुरस्काराचं पथक शाळा बघायला येतंय, तुम्हीच नसलात तर कसं दिसेल? ते गेले की जा, म्हणून अर्ज परत दिला. त्या म्हणाल्या, बरं. दवाखान्याचं काम आहे, घाईचं नाही म्हणाल्या. मी पुढे विचारलंच नाही."

मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ त्याची वाट पाहिली. पंख्याने एकीकडून दुसरीकडे मान वळवली, एवढंच झालं.

मी वर जाऊन आईच्या खणातून तिच्या नावाचा शिक्का आणि लाल शाईची डबी आणली. छापलेल्या कागदात दुरुस्ती करायची, तर ओळीवर दोन रेघा मारून वर नावाचा शिक्का उमटवायचा. मग ती दुरुस्ती त्या माणसाची ठरते. मी पट्टी धरून दोन रेघा मारल्या आणि त्यांवर आईचं नाव उमटवलं. खालचं वाक्य तरीही स्वच्छ वाचता येत होतं.

"असं कसं पाठवू?" थू सर म्हणाले. "समितीची नजर आधी इथेच जाईल."

"जाऊ दे."

"बाईंनी स्वतःच खोडलं असं वाटेल त्यांना."

"हो."

मी संमतीपत्र पुढे ओढलं. आईच्या नावाची तीन लाल अक्षरं चौकटीत सरळ बसली. मी कागद थू सरांकडे सरकवला. तारखेची जागा रिकामी होती.

"कुठली टाकू?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "एप्रिलमधली एखादी?"

"तिचा अर्ज परत दिलात, त्या दिवसाची."

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यांनी त्याकडे पाहिलं नाही. चष्मा कपाळावर सारून ते कागदावर वाकले आणि सावकाश लिहू लागले. तेरा मार्च.