पाय जुळवून

बनाबाईच्या बोटातलं जोडवं चिखलात अर्धं रुतलेलं... बांधावरून तिचे यजमान जानराव तेवढंच पाहत होते. तिच्यापलीकडे शेजारच्या निवृत्तीचा बैल आडवा पडला होता, आणि त्याच्याही पलीकडे, पाणी सोडलेल्या हरभऱ्यात, खांबावरून तुटलेली विजेची तार – निमूट, कुणी टाकून दिलेल्या दोरीसारखी.

बैल कोसळला तशी बनाबाई धावली होती. "पाय जुळवून उभी राय, हलू नको," ते ओरडले, आणि ती थांबली. काऊन, हेही तिनं विचारलं नाही.

विभव म्हणजे विजेची उंची, असं ते धामणगावच्या शाळेत सांगत. बुलढाण्याचा घाट चढताना दम लागतो, सपाटीवर लागत नाही. मग फळ्यावर समविभवाची, म्हणजे सारख्या उंचीची, वर्तुळं काढत. तीच वर्तुळं आता तारेभोवती ओल्या जमिनीत पसरली असणार, न दिसणारी... बैलाचे पुढचे पाय एका वर्तुळावर, मागचे दुसऱ्यावर – वीज अंगातून वाहिली, तेवढ्यानं तो गेला. माणसाचं पाऊल तरी कितीसं आखूड असतं? आणि तिला सहावा महिना. तोल जाऊन हात टेकले, तर...

"पाय भरून आले जी."

"दम धर. निवृत्ती गेला हाय लाईन बंद कराले."

"असं उभं राह्यलं तं काही होत नाही ना? पक्कं ठावं हाय तुमाले?"

"हाव." वर्गात म्हणावं तितक्या सहज ते म्हणाले.

निवृत्ती सायकलवरून धापा टाकत आला. बैलाकडे त्यानं पाहिलं नाही. "बंद झाली, गुरुजी. वायरमननं माह्यासमोर खटका पाडला. येऊ द्या वहिनीले."

तार तशीच पडली होती. चालू असताना होती, अगदी तशीच.

"येऊ?" बनाबाईनं टाच उचलली.

"थांब."

"अवो, बंद झाली म्हनतात ना."

"थांब म्हणतो ना."

निवृत्ती त्यांच्याकडे पाहत राहिला. खटका पडला की वर्तुळं मिटतात, हे खरंच होतं. वर्षानुवर्षं त्यांनी तेच शिकवलं होतं... पण त्या भरवशावर कधी कुणाला पाऊल उचलायला लावलं नव्हतं. बनाबाई तारेकडे पाहत नव्हती, जमिनीकडेही नाही. ती त्यांच्या ओठांकडे पाहत होती. 'ये' म्हटलं की ती येणार होती, विचार न करता – आणि त्या भरवशाची जानरावांना एकाएकी तारेहून अधिक भीती वाटली. 'ये' हा एवढासा शब्द, रोज घरात कितीदा म्हटलेला... तो आता कसा म्हणायचा, तेच त्यांना आठवेना.