शेजारच्या सीटचा ब्रेक

दादाच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, सगळ्यांच्या गाडीत असतो तसा, आणि दुसरा शेजारच्या सीटपाशी. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ती. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तरने शेजारून पाय दाबायचा. बरं, सहलीला निघताना तरी माणसाने मास्तरकी घरी ठेवावी की नाही? छे! दादा सहलीलाही शेजारच्याच सीटवर बसायचा, गाडी लेकीच्या हातात द्यायचा आणि वाटेत कुत्रं दिसलं, ढग दिसला, नाहीतर नुसतंच मनात आलं, की ब्रेक दाबायचा.

मागच्या सीटवर आत्या होती. दादाची धाकटी बहीण, म्हणून त्याच्या लेकीची आत्या. पण एव्हाना सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. बाजारात तिचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. बंद पडलेलं घड्याळ दिसलं की ते उघडून आत काय अडकलंय हे बघितल्याशिवाय तिला घास गोड लागायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या हो, नवीनच घेतो." तरी ही डोळ्याला भिंग लावून बसलेलीच. "नवीन घ्या की! पण हे का थांबलं ते तर कळू दे." धंद्याला ही खोड बरी नव्हे, पण जित्याची खोड ती.

आणि याच आत्याला लहानपणापासून एक गोष्ट बघायची राहून गेली होती. खिंडीत काय आहे?

त्यांचे वडील, अण्णा, ट्रकवर होते. या घाटात माल आणायचे आणि घरी परतले की जेवता जेवता पोरांना गोष्टी सांगायचे. खिंडीत म्हणे एक दगड आहे, त्यावर उभं राहिलं की एक खांदा भिजतो आणि दुसऱ्याला उन्हाचे चटके बसतात. पलीकडे म्हणे निळंशार तळं आहे, तिथे ढग पाणी प्यायला उतरतात. शेजारीपाजारी हसायचे. थापा मारण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही, म्हणायचे. मोठा झाल्यावर दादाही त्यांच्यात सामील झाला. आत्या मात्र कधी हसली नाही. तिचा सगळा जीव त्या माणसावर. अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कोणी त्यांना थापाड्या म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा वर जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, एवढंच तिला हवं होतं.

पण दरवर्षी सहल निघायची आणि अर्ध्या घाटातून माघारी फिरायची. कधी धुकं, कधी पाऊस, कधी नुसतंच दादाचं "हवा काही ठीक वाटत नाही." यंदा मात्र शेवटची संधी होती. डोंगराच्या पोटातून बोगदा तयार झाला होता. तो सुरू झाला की खिंडीचा रस्ता कायमचा बंद.

वहिनी आलीच नाही. "घाटात माझ्या पोटात ढवळतं, तुम्ही या जाऊन," ती दारातूनच म्हणाली. "वर पोचलात की फोन करा. म्हणजे, पोचलात तर!"

निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं. घाट सुरू झाला आणि कुठून कोण जाणे, काळे ढग भरून आले.

"बघ," दादा म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुन्हा ऊन पडलं. भाची खुदकन हसली. तिचं हसू पुरं व्हायच्या आत गारा सुरू झाल्या, टपावर डबे आपटावेत तशा. आत्या काचेला नाक लावून बघत होती. या डोंगराचं डोकं ठिकाणावर आहे की नाही? तिला मोठी गंमत वाटत होती. मग धुकं उतरलं, आणि ऐन चढाच्या वळणावर दादाने पाय दाबला. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागून ट्रकवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढायलाच तयार नाही.

"बाबा, पाय काढा! गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

"दोघं मिळून चालवतोय."

"मग दोघांनी मिळून बंद पाडली!"

"वळव आता," दादा म्हणाला. "झाली तेवढी सहल पुरे."

"वळवायची नाही," आत्या मागून कडाडली. "पुढे कडेला घे गं."

भाचीने गाडी सुरू करून जरा पुढे, कडेला उभी केली. आत्या उतरली आणि तिने पुढचं दार उघडलं. "उतर दादा. मागे बस."

"अगं, पण इथे ब्रेक आहे..."

"म्हणूनच म्हणतेय."

तिचा अवतार बघून दादा मुकाट्याने मागे गेला. आत्या पुढे बसली, पट्टा लावला आणि दोन्ही पाय वर घेऊन तिने सीटवर चक्क मांडी ठोकली. आता दाब म्हणावं कोणाला दाबायचाय तो! मागे दादाचा पाय उगाचच गाडीच्या तळाशी आपटत राहिला.

धुक्यातून बाहेर आले तर रस्त्याकडेला एक मोठं रिकामं आवार लागलं. पलीकडे शेवटचा उभा चढ. हवा स्वच्छ होती. आणि तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब जरा." आवाज मास्तरचा नव्हता. भाचीने गाडी थांबवली.

"वर काही नाही गं," तो बहिणीला म्हणाला. "तळं नाही, दगड नाही. अण्णा कधी वर गेलेच नव्हते."

"तुला काय माहीत?"

"लहानपणी एकदा मला ट्रकमधून घेऊन आले होते. इथे, याच आवारात माल उतरवला आणि परत फिरलो. पुढे दुसऱ्या गाड्या न्यायच्या. आपला ट्रक जुना, तो चढ त्याला झेपायचाच नाही. मी विचारलं, अण्णा, खिंड कुठाय? तर म्हणाले, घरी बोलू नकोस हं. धाकटी गोष्टीची वाट बघत असते."

आत्या सीटवरून मागे वळली.

"म्हणजे दरवर्षी तू मुद्दाम..."

"जग थापाड्या म्हणतंय तर म्हणू दे. मीही म्हणतो. पण तुझ्यासमोर ते खोटे पडायला नको होते."

आत्याला रडू कोसळलं. आधी अण्णांचा राग आला, मग दादाचा, मग स्वतःचाच. एवढी वर्षं ज्यांच्यासाठी साऱ्या गल्लीशी भांडली, ते अण्णा इथूनच मागे फिरत होते. तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि समोरच्या चढाकडे बघत राहिली.

"मग वर आहे तरी काय?"

"सांगितलं ना, काही नाही."

"तळं नाही, ते कळलं. पण काय आहे? तू बघितलंस?"

"नाही."

"म्हणजे आपल्या सात पिढ्यांत कोणी बघितलेलं नाही?"

भाचीने उत्तराची वाटच बघितली नाही. पहिला गिअर टाकला आणि निघाली.

वर खरंच तळं नव्हतं. दगडही नव्हता. थोडं गवत, गंजका कठडा आणि कठड्यापलीकडे सरळ तुटलेला कडा. खाली दरीत करडा ढग गच्च बसलेला, बाकी काही दिसेना. दादा बिचारा मान खाली घालून उभा राहिला, जणू ते तळं त्यानेच पळवलं होतं. आत्या तेवढ्यावर थोडीच परतणार? ती कठड्याशी जाऊन वाकली.

तिची हनुवटी भिजली.

तिने वर बघितलं. आभाळ निळं, डोकं कोरडं. पुन्हा वाकली. नाकपुड्यांत पाणी गेलं. "अगं बाई! दादा, लवकर ये!"

पाऊस खालून वर येत होता. दरीत पडणारा पाऊस कड्यावर आपटलेल्या वाऱ्याने उचलला होता आणि थेंब सरळ आभाळाकडे निघाले होते. भाचीने सवयीने छत्री उघडली, डोक्यावर धरली, मग गोंधळून पायांकडे धरली. तिघंही हसून हसून बेजार झाले.

"एवढी मोठी थाप," दादा धापा टाकत म्हणाला, "अण्णांनाही सुचली नसती."

आत्याचं हसू थांबलं. "एवढ्या जवळ यायचे रे ते. एक चढ राहायचा. वर हे असलं खरं पडलेलं, आणि त्या माणसाला बापड्याला घरी जाऊन खोटं रचावं लागायचं."

दादाने तोंड फिरवलं आणि वहिनीला फोन लावला.

"अगं, पोचलो! ऐक ना, इथे पाऊस खालून वर पडतोय. खरंच! हनुवटी भिजते, डोकं कोरडं. तुझी शपथ!"

फोन कानापासून दूर धरावा लागेल इतक्या मोठ्याने वहिनी हसली. "झालं! गेलात ना शेवटी वडिलांच्या वळणावर? आता मुकाट्याने या घरी."

दादा हातातल्या फोनकडे बघत राहिला. लहान पोरासारखा त्याचा चेहरा पडला होता. "विश्वास नाही गं ठेवत ती," तो म्हणाला.

आत्याने त्याला हाताला धरून कठड्यापासून बाजूला आणलं, गवतावर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"मला सांग," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून सांग. मी ऐकते."

दादाने तिच्याकडे बघितलं. मग घसा खाकरला आणि सांगायला लागला.