गस्तीच्या बोटीतली सहल

या बोटीसाठी शांतारामने दोन वर्षं आपल्याच सरकारी खात्यात चपला झिजवल्या होत्या. सत्त्याण्णव साल. गुडगावच्या पुढच्या तलावाकाठी एका बिल्डरने फ्लॅट विकायला काढले आणि गिऱ्हाइकांना भुलवायला पाण्यात मोटरबोटी सोडल्या. वेगमर्यादेची पाटी होती, पण तिला विचारतो कोण! शेवटी गस्तीच्या बोटीला मंजुरी मिळाली, तेव्हा दिल्लीत त्याच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पेढे वाटले गेले.

आणि त्याच बोटीतून हा बाबा ऐन रविवारी पाहुण्यांना फिरवायला निघाला! पुण्याहून दादा-वहिनी आणि त्यांच्या दोन मुली आल्या होत्या. "आमचे भावजी एवढे साहेब, आणि आम्ही काठावरूनच पाणी बघायचं होय?" वहिनी म्हणाल्या. झालं. साहेब फुगले.

"साहब, आज भीड़ है, गश्त लगानी है," बोट चालवणारा हरीश कुरकुरला.

"अरे चलो यार, घूमते-घूमते गश्त भी हो जाएगी."

बुडणाऱ्यांसाठी ठेवलेली सहाच्या सहा लाइफ जॅकेटं घरच्यांच्या अंगावर चढली. शांतारामची बायको अलका नको नको म्हणत होती, पण तिलाही एक घालावं लागलं.

तलावाच्या मधोमध बिल्डरची एक मोटरबोट सुसाट गेली. तिच्या लाटेने एक पॅडलबोट उलटली. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं कॉलेजातली असतील, पाण्यात पडली. हरीशने बोट जवळ नेली, इंजिन बंद केलं आणि उडी मारली. मुलगी त्याच्या हाती लागली. मुलगा थोडा लांब हातपाय झाडत होता.

"जैकेट फेंको, साहब!" हरीश ओरडला.

"वहिनी, जॅकेट काढा! फेका त्याच्याकडे!"

वहिनींनी दोन्ही हात छातीशी आवळले. "मला पोहता येत नाही हो, भावजी!"

"दादा, तू तरी काढ!"

दादा मुलींना कवटाळून बसला होता. त्याने मानही वर केली नाही. अलका आपल्या जॅकेटची गाठ सोडत होती, पण मेली गाठ सुटेना. मुलाचं तोंड एकदा वर आलं. त्याने सरळ शांतारामकडे बघितलं. मग तिथे नुसतं पाणी राहिलं.

हरीशने मुलीला बोटीत ढकललं आणि तो परत बुडी मारून गेला. तेवढ्यात अलकाची गाठ सुटली. जॅकेट हातात धरून ती उभी राहिली. फेकायचं कुणाकडे? तिने नवऱ्याकडे बघितलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमचं?"

शांतारामने खाली पाहिलं. आपल्याच जॅकेटचा पट्टा त्याने दोन्ही मुठींत गच्च धरून ठेवला होता.