गेनबाची मिरी

"हे? हे धरंल भेकर?"

मानसिंगरावांनी हातातली काठी गेनबाच्या पायाशी बसलेल्या मिरीकडे रोखली आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेली सगळी मंडळी हसली. "म्याडम, भेकराला कुत्रं कसं पायजे सांगू? कमरंएवढं उंच, छाती भरलेली, जबडा असा लांब. माझ्या आज्याकडं हुती तसली कारवानी. नर भेकराला सुळं असत्यात, सुळं! एका हिसड्यात या पोरीचं प्वाट फाडंल."

वनरक्षक वैष्णवी मॅडम शांतपणे ऐकत होत्या. परवा गावाच्या वरच्या ओढ्यात एक भेकर, रानातलं छोटं हरीण, मरून पडलेलं सापडलं होतं. अंगावर कुत्र्याच्या दातांच्या खुणा. कुत्रं घालून शिकार करणं म्हणजे गुन्हाच. मॅडमनी गावात विचारलं, "इथं शिकारी कुत्रं कोणाकडे आहे?" आणि सगळ्या गावाने मागचापुढचा विचार न करता एकच बोट दाखवलं. गेनबाकडे.

खरं तर यात गावाची काही चूक नव्हती. चूक होती गेनबाच्या तोंडाची.

गेनबा पंचायतीचा पाणी सोडणारा. मिसरूड फुटल्यापासून तो हेच करत आला होता. सकाळी या आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, दुपारी त्या आळीचा. नळाला पाणी आलं की त्याची कोणाला आठवण येत नसे, नाही आलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. असल्या आयुष्यात ही मिरी आली. आई धनगराची कारवानी शिकारी कुत्री, बाप गावातलंच कोणीतरी. पाय आईसारखे काटकुळे, कंबर मुठीत मावेल एवढी, पण उंची गुडघ्यापाशीच थांबली. गेनबाच्या तोंडात तसाही तीळ भिजत नसे. मिरी आल्यापासून तर सोमनाथच्या हॉटेलात त्याला ऊतच आला.

"थोराड कुत्रं काय कामाचं रं? करवंदीच्या जाळीत गुतून बसतंय. भेकर मुळात बुटकं, ते जाळीच्या बुडातनं निघून जातंय. तिथं माझी मिरीच पायजे." मग मिरीने भेकर कसं डोंगराच्या धारेपर्यंत पळवलं, वळणावर आडवं जाऊन कसं अडवलं, हे तो चहा निवेपर्यंत सांगायचा. यातलं काहीही घडलेलं नव्हतं. मिरीला कोंबडीच्या मागे चार उड्या मारताना पाहिलं होतं, तेवढंच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण लोक ते जेवत होते, म्हणून हा वाढत होता.

आज सकाळी बनाबाईने, त्याच्या बायकोने, दारातच बजावलं होतं. "आज त्वांड आवरा. न्हाईतर मिरीला घिऊन जात्याल, तुमच्यावर केस हुईल आन् पान्याचं कामबी जाईल. लई शानपना नगं."

"काका," मॅडम म्हणाल्या, "ही भेकर पळवते असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात ना?"

गेनबाने खाली पाहिलं. "सांगत हुतो, म्याडम. जिभेला हाड न्हाई माज्या. खरं न्हाई त्यात काय."

"म्हणजे?"

"म्हंजी... बिनकामाची हाय ती. कोंबडी घावायची न्हाई तिला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी चार लोकांत पोटच्या लेकीची उणीदुणी काढावीत तसं त्याला झालं. मिरीने मात्र त्याचा आवाज ऐकून आनंदाने शेपूट हलवली. मानसिंगरावांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! मूर्ती लहान पन कीर्ती महान म्हनत हुता!"

मॅडमही हसल्या. "ओढ्यातले पंज्यांचे ठसे मोठे आहेत, आणि बरेच आहेत. मोकाट कुत्र्यांचं काम दिसतंय. तरी ती जागा पुन्हा एकदा नीट बघते, मग ठरवू. काका, तुम्ही पण या. कुत्रीला घेऊनच या."

मॅडम आणि मानसिंगराव ओढ्यात उतरले. खालच्या आळीच्या पाण्याची वेळ झाली होती, म्हणून त्यांना सांगून गेनबा मिरीसह वर टाकीपाशी गेला. दोरी पायाखाली दाबून तो व्हॉल्व्हमध्ये लोखंडी चावी घालून वाकला, तोच वरच्या करवंदीतून आवाज आला. भॉक्! कुत्र्यासारखाच, पण कुत्र्याचा नव्हे. भेकर होतं. तांबूस, मान खाली घातलेलं, दगड फेकला तर लागेल इतक्यावर.

गेनबाने खाली पाहिलं. पायाखाली दोरी होती, दोरीला पट्टा होता, पट्ट्यात मिरी नव्हती. असल्या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, हे तोच सगळ्यांना सांगायचा.

कुत्री पळताना त्याने जन्मभर पाहिली होती. भुंकणं, धुरळा, गोंधळ. हे तसलं काही नव्हतं. आवाजच नव्हता. मिरीचं अंग मिटत होतं, इतकं की मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडत होते, आणि मग उलगडत होतं, दुप्पट लांब होत होतं. भेकर जाळीच्या बुडात शिरलं. मिरीही त्याच वाटेने, तेवढीच खाली वाकून शिरली. पलीकडे दोघं बाहेर पडली तेव्हा अंतर निम्मं झालं होतं. भेकराने एकदम वळण घेतलं, आणि मिरी त्याच्या आधीच तिथे होती. भेकराला पुन्हा वळावं लागलं.

गेनबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हॉटेलात मारलेली एकेक थाप समोरच्या उतारावर खरी होत होती. उलट आपण कमीच सांगितलं, असं त्याला वाटलं. हे गुडघ्याएवढं जनावर रोज आपल्या पायाशी भाकरी खातं, आपल्या चुलीपाशी झोपतं, आणि त्याच्या आत हे एवढं होतं? त्याचे डोळे भरून आले. आपोआप हात जोडले गेले.

आता एक झेप. मिरीचं तोंड भेकराच्या मांडीला टेकलं होतं. खालून मॅडमचा आवाज जवळ येत होता. गेनबाला सगळं कळत होतं, केस, नोकरी, हातातून जाणारी मिरी, त्या मुक्या भेकराचा जीव. तरीही एक श्वासभर त्याला वाटलं, होऊ दे. एकदा पुरं होऊ दे.

मग त्याने चावी उचलून पाइपावर आपटली. ठण्. ठण्. पाणी सोडून झालं, घरी चल, अशी ती त्यांची रोजची खूण होती.

मिरीने तोंड मागे घेतलं. दोन उड्यांत तिचा वेग उतरला. भेकर धार ओलांडून दिसेनासं झालं. मिरी एकदा तिकडे पाहत राहिली, एकदा गेनबाकडे, आणि मग हळूहळू उतार उतरून परत आली.

"काय झालं रं?" खालून मानसिंगराव ओरडले.

"काय न्हाई! वॉल घट बसलाय!"

मिरीच्या ओठांच्या कडेला तांबूस केस चिकटले होते. गेनबाने ते अंगठ्याने पुसले, टाकीतून झिरपणाऱ्या पाण्यात सोडले आणि पट्टा तिच्या डोक्यावरून घातला. तेवढ्यात मॅडम वर पोचल्याच.

"मोकाट कुत्रीच होती, काका. तुमचं काही नाही यात." त्यांनी खाली वाकून मिरीच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, किती धापा टाकतेय ही!"

"एवढ्या चढानं दमती, म्याडम," गेनबा म्हणाला.

संध्याकाळी सोमनाथच्या हॉटेलात मानसिंगरावांनी सगळा किस्सा रंगवून सांगितला. कोंबडीही न सापडणारी मिरी, चढ चढून दमलेली मिरी. हसून हसून लोकांच्या बशा हिंदकळल्या. सोमनाथ म्हणाला, "गेनबातात्या, आता तुमी सांगा की! सांबर कवा पळवलं मिरीनं?"

सगळे त्याच्याकडे वळले. रोजच्यासारखं. जन्मात पहिल्यांदा गेनबाकडे खरी गोष्ट होती. त्याने बशी खाली ठेवली.

"न्हाई रं बाबा. बारकं कुत्रं. हरनामागं त्याचं काय काम?"

लोक हसले, पण लवकर थांबले. "आज लई गरीब झालास की रं," मानसिंगराव जरा हिरमुसून म्हणाले आणि पावसाचं काहीतरी बोलू लागले.

बाकाखाली मिरी झोपली होती. झोपेतच तिचे चारही पाय भराभर हलत होते. गेनबाने खाली पाहिलं. मग कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने पाय जवळ घेतले, धोतर खाली ओढलं आणि ती पूर्ण झाकली जाईल असा बाकावर पुढे सरकून बसला.